गारठ्यात वीस लिटर मठ्ठा

इंग्लंडमधलं ब्रॅकनेल गाव सोडून लंडनच्या क्रॉयडनला राहायला जायचं ठरलं तेव्हा माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने आम्हाला लेखी निवेदन दिलं. अकरा मुद्दे होते. पहिला, जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, मधोमध शाळा बदलणं हे शैक्षणिक नुकसान आहे. सहावा, ट्रॅम हे एकोणिसाव्या शतकातलं वाहन आहे. अकरावा, तुम्ही मला विचारलं नाही.

निवेदनाची सवय आमच्या घरातली. माझे वडील नागपुरात पोस्टात होते. नळाला पाणी आलं नाही, रस्त्यावरचा दिवा लागला नाही, की ते बैठक मारून मुद्देसूद निवेदन लिहायचे, खाली कार्बन पेपर घालून. आम्हा बहिणींनाही तोच नियम होता. रुसायचं असेल तर लिहून द्यायचं. त्यामुळे मुलीला लेखी उत्तर देणं मला भागच होतं. दहा मुद्दे मी फेटाळले. अकरावा मान्य करावा लागला.

शेवटी तडजोड झाली. ख्रिसमसच्या सुट्टीत सगळ्यांनी क्रॉयडनला जायचं आणि एप्रिलातली ईस्टरची सुट्टी संपेपर्यंत राहून बघायचं. त्यानंतरही तिला नकोच असेल, तर सोमवार ते शुक्रवार ती ब्रॅकनेलला मैत्रिणीच्या घरी राहील आणि जुन्या शाळेत जाईल. मैत्रिणीच्या आईने एक खोली रिकामी करूनही ठेवली. मी कागदावर सही केली.

"सही काहून केली तू?" नवरा म्हणाला. "जाईल ना ती."

"जाईल तर जाईल. शब्द दिलाय."

असं म्हणाले खरं, पण मुलगी आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्याच्या घरी जेवणार हे मला पचत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

मी हे लिहिते आहे म्हटल्यावर दोन्ही मुलांनी एकच अट घातली, नावं नकोत. म्हणून ह्यात कोणाचंच नाव नाही. पुढे ज्यांच्या जयंतीची गोष्ट येणार आहे त्यांचंही नाही. मराठी वाचकाला चौदा एप्रिल म्हटलं की पुरे.

बदलीचं कारण मीच होते. ब्रॅकनेलच्या कंपनीत सहा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. हे काम मी घरी फुकट करते असं मुलं म्हणतात. मग क्रॉयडनच्या एका ऑफिसात वरची जागा मिळाली. नवऱ्याचं ऑफिस ब्रॅकनेलजवळ मेडनहेडला, पण त्याला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. तो म्हणाला, ट्रेनमध्ये झोपेन. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने विचारलं, नव्या घरात वायफाय आहे का. त्याचं निवेदन एवढंच.

घर बघायला मी एकटीच गेले. घर दहा मिनिटं बघितलं आणि जवळचा ट्रॅमचा स्टॉप पाऊण तास. शनिवार होता. डोक्याला उंच रंगीत कापड गुंडाळलेली एक आफ्रिकन बाई दोन केक सांभाळत उतरली. हिजाबमधल्या दोन मुली एकाच पुड्यातून चिप्स खात उतरल्या. एक तमिळ आजोबा, पँटवर रंगाचे शिंतोडे उडालेला एक माणूस, कुत्र्याला बाबागाडीत बसवून नेणारी एक इंग्लिश म्हातारी. सगळे आपापल्या गडबडीत. पाऊण तासात माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. मी एजंटला फोन करून हो म्हटलं. घर गरम ठेवणारा बॉयलर तपासायचा राहिला. तो जानेवारीत बंद पडला.

ब्रॅकनेलची बदनामी मला करायची नाही. आमच्या गल्लीत माणसं सभ्य होती, झाडं व्यवस्थित कापलेली होती. फक्त तिथे मला कोणी ना कोणी सारखं तीन प्रश्न विचारायचं. इंग्लिश शेजारी विचारायचे, तुम्ही कुठल्या? मी म्हणायचे, समोरच्याच घरातली. नाही, म्हणजे मूळच्या? भारतातली. भारतात कुठे? नागपूर. मग "लव्हली" असं उत्तर यायचं आणि विषय संपायचा.

तिथल्या मराठी मंडळींचेही तीनच प्रश्न असत, फक्त वेगळे. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, नागपुरात नेमके कुठे राहता. तिसऱ्या उत्तराला समोरची बाई "अच्छा, अच्छा" म्हणायची. दोनदा. पुढे कोणी वाईट वागलं असं नाही. पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं यायचं, पण फोनवर नाही, ग्रुपवर.

ह्यावर मी माझ्या परीने एक उपाय केला होता. घरातला फोटो बैठकीच्या खोलीतून काढून बेडरूममध्ये लावला. निळा सूट, लाल टाय, हातात पुस्तक, तो फोटो. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. मी स्वतःला सांगितलं की बैठकीत ऊन येतं, रंग उडेल. ब्रॅकनेलमध्ये ऊन.

क्रॉयडनच्या घरात सामान लावताना मात्र मी तो फोटो सरळ पुढच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर ठोकला. इथे येणाऱ्या कोणालाही तो बघून "अच्छा, अच्छा" म्हणता येणार नव्हतं.

पहिल्यांदा बघितला तो शेजारच्या आँटींनी. ह्या आँटी सत्तरी ओलांडलेल्या, लहानपणी जमैकाहून आलेल्या, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. आम्ही आलो त्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवलं. ओळख वगैरे काही नाही. पहिलं वाक्य, "डार्लिंग, आज रिसायकलिंगचा दिवस नाही. तुझी कचऱ्याची बिन आत घे, नाहीतर कोल्हा येईल." मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. सत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं मला इंग्लंडमध्ये सहा वर्षं काढूनही जमत नाही. मी म्हटलं, आँटी म्हटलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "चला, ह्या रस्त्यावर कोणीतरी नीट वाढवलेलं आलं." माझ्या बावन्न वर्षांच्या नवऱ्याला त्या यंग मॅन म्हणतात. तो तेव्हापासून त्यांच्याही बिन आत घेतो.

आत येऊन त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं. "तुझे वडील?"

"एका अर्थाने," मी म्हटलं.

"सूट चांगला आहे," आँटी म्हणाल्या.

मुलगा तीन दिवसांत क्रॉयडनचा झाला. त्याला एक घाना, एक तुर्की आणि एक श्रीलंका असे तीन मित्र मिळाले. चौघेही एकसारखं बोलायचे आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. एकदा मी त्याला म्हटलं, आजीशी फोनवर बोलताना वाक्याच्या शेवटी "ब्रव", म्हणजे भावा, असं म्हणू नकोस. तो म्हणाला, आजीला आवडतं. विचारलं तर खरंच आवडत होतं. आता सासूबाई मलाच ब्रव म्हणतात.

मुलीचं उलट झालं. ब्रॅकनेलमध्ये तिने सहा वर्षं मेहनत घेऊन स्वतःला गुळगुळीत करून घेतलं होतं. डब्यात फक्त सँडविच. मी गाडी घेऊन जायचं तर दोन गल्ल्या अलीकडे थांबायचं. मैत्रिणी येणार असल्या की सकाळपासून फोडणी बंद. आणि त्यांच्यासारखं अगदी हुबेहूब इंग्रजी. ते सगळं घेऊन ती क्रॉयडनच्या शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी वर्गाने तिचं नाव "पॉश" ठेवलं. जिथे कोणीच कोणासारखं नाही तिथे हिलाच कोणासारखं व्हावं ते कळेना. रोज घरी येऊन वर जायची आणि ब्रॅकनेलला व्हिडिओ कॉल लावायची. आँटींची नात तिच्याच वर्गात होती आणि शाळा सुटल्यावर रोज आजीकडे यायची. दोघी एकाच ट्रॅममधून उतरायच्या, एकाच रस्त्याने वीस पावलांचं अंतर ठेवून चालायच्या आणि शेजारशेजारच्या दारांतून आत जायच्या. तीन महिन्यांत एक शब्द नाही.

मी एकदा सुचवलं. "तिला घरी बोलाव ना. मी पोहे करते."

"आई, लोक असे फ्रेंड्स नाही होत. पोहेवर."

मार्च संपत आला तशी मी मनातल्या मनात तिच्या बॅगेत काय काय भरावं लागेल याची यादी करायला लागले. यादी केली की मला बरं वाटतं. ह्या वेळी वाटलं नाही.

तेवढ्यात एप्रिल आला.

नागपुरात जयंतीला चौकाचौकात मांडव पडतो. आमच्या चौकातला वडिलांचा असायचा. उन्हाने डांबर चपलेला चिकटतं अशा दिवसांत ते वीस माणसांकडून मठ्ठा घुसळून घ्यायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ग्लास हातात द्यायचे. त्यांचे दोन नियम होते. ग्लास काठोकाठ भरायचा, आणि तुम्ही कोण हे विचारायचं नाही. सायकलवाला, पोलीस, शाळेतली पोरं, कोणीही. नको म्हणायची सोय नसायची.

ब्रॅकनेलमध्ये आम्ही जयंती बेडरूममध्ये केली. मेणबत्ती, वंदना, खीर आणि बंद खिडकी. ह्या वर्षी मी जाहीर केलं की सोमवारी मी सुट्टी घेणार आणि घरापुढे टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला मठ्ठा देणार.

नवऱ्याने आधी हातातली पोळी संपवली.

"कौन्सिलची परवानगी लागेल," नवरा म्हणाला.

"टेबल आपल्या कुंपणाच्या आत राहील. फक्त माझा हात बाहेर जाईल. अहो, हाताला परवानगी लागत नाही."

"मी देणार मठ्ठा," मुलगा म्हणाला. "मठ्ठा मस्त असते."

मुलगी ताटाकडे बघत होती. "आई, प्लीज. ह्या रोडवर माझ्या इयरची सहा मुलं राहतात."

"मग त्यांनाही देऊ."

"तू मुद्दाम करतेस."

"मला लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?"

तिने मान वर केली. "तुला? ब्रॅकनेलमध्ये तू फोटो बेडरूममध्ये ठेवला होता ना. मी डबा लपवला, तू फोटो लपवला. सेम थिंग. आता तुला इथे सेफ वाटतंय म्हणून एकदम रस्त्यावर. मला नाही वाटत अजून."

मी दिवसभर लोकांच्या चुका काढते, पण माझी इतकी नेमकी कोणी काढली नव्हती. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. तू घरात बस." तिने मान हलवली. "मी घरातच नाहीये असं समज," ती म्हणाली आणि वर गेली.

सोमवारी मी पहाटे उठून दही घुसळलं. आलं, जिरं, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर. वीस लिटर मठ्ठा झाला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं बर्फगार पाणी त्यात घातलं. नवऱ्याने टेबल मांडलं, त्यावर निळं कापड अंथरलं, फोटो ठेवला, हार घातला. आम्ही चौघांनी घरातच वंदना घेतली. मुलगी वंदनेला आली, हात जोडले, संपल्याबरोबर पुन्हा वर. मी पातेलं उचलून बाहेर आले आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाहेर सहा डिग्री आहे.

म्हणजे आकडा मला माहीत होता. फोनवर दिसत होता. पण जयंती म्हटलं की मठ्ठा आणि मठ्ठा म्हटला की गार, ह्या दोन गोष्टींच्या मध्ये हवामान कुठे येतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. एखाद्या नवशिक्या पोराने असं सॉफ्टवेअर लिहिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

तरी मी हात बाहेर काढला. पहिला माणूस कुत्रा घेऊन चालला होता. मी ग्लास पुढे केला. तो म्हणाला, "थँक यू, मी टपालाने मत दिलंय." दुसरी बाई थबकली आणि विचारलं, तुमचं चर्च कुठलं? मी म्हटलं, चर्च नाही. मग कशासाठी? वाढदिवस आहे. कोणाचा? मी फोटो दाखवला. तिने फोटोला "हॅपी बर्थडे" म्हटलं, ग्लासात डोकावून हिरवी कोथिंबीर बघितली आणि निघून गेली. तिसऱ्याने किती पडतील विचारलं. फुकट आहे म्हटल्यावर तो जास्तच घाबरला. चौथी दोन मुलं होती, मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

मग गारा पडायला लागल्या. टपटप मठ्ठ्यात पडत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, बर्फ फ्री मिळाली." नवरा फोटोवर छत्री धरून उभा राहिला. वारा आला की छत्री उलटी व्हायची, तो ती सुलटी करायचा, पण फोटोसमोरून हलला नाही. मी वर बघितलं. मुलीच्या खिडकीचा पडदा दोन बोटं सरकलेला होता.

अर्ध्या तासात एका माणसाने मठ्ठा घेतला. आमच्या समोर राहणारा पोलिश बांधकामवाला. त्याने गारांमध्ये उभं राहून ग्लास रिकामा केला, परत पुढे केला, तोही रिकामा केला. "आमच्याकडे पण हे पितात," तो म्हणाला. "छान आहे. पण ह्यात गवत कशाला घातलं?" तिसरा ग्लास त्याने गवतासकट संपवला.

त्यानंतर आँटी बाहेर आल्या. अंगात ओव्हरकोट, पायात घरातल्या सपाता.

"डार्लिंग, काय आहे हे?"

"मठ्ठा. ताक. सगळ्यांना द्यायचं असतं आज."

त्यांनी ग्लासला बोट लावलं. "थंड आहे."

"हो."

"थंड कोणी सांगितलं?"

"पद्धत आहे. तिथे आज बेचाळीस डिग्री असेल."

आँटींनी आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छत्री धरलेल्या नवऱ्याकडे. "यंग मॅन, त्या गृहस्थांना घेऊन माझ्या दाराशी ये. तिथे वारा लागत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "चर्चची चहाची टाकी माझ्या कपाटाखाली आहे. पन्नास कप निघतात. मला उचलवत नाही." त्यांनी घरात तोंड करून नातीला हाक मारली. नात फोनमध्ये बघतच बाहेर आली. "शेजारच्या घरात एक मुलगी खिडकीत उभी राहून आपल्या आईला गारठताना बघते आहे," आँटी मोठ्याने म्हणाल्या, रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "तिला म्हणावं, खाली ये आणि टाकीचं दुसरं टोक धर."

वरचा पडदा बंद झाला. नातीने आमची बेल दाबली. दार उघडायला बराच वेळ लागला.

"तूच ना ती पॉश?" नात म्हणाली.

"हो," माझी मुलगी म्हणाली.

"नॅन म्हणते टाकी उचल. तिला नकार चालत नाही. मी सांगून ठेवते, तू पण नाही म्हणू शकणार नाहीस."

दोघींनी टाकी आणली, मुलाने टेबल आँटींच्या दाराशी ओढलं. दुधाच्या चार बाटल्या आँटींकडच्या, आलं आणि वेलची माझी, चहाची पूड अर्धी अर्धी. आँटींना वाटत होतं मी आलं फार घालते आहे, मला वाटत होतं त्या दूध कमी घालतात. तोपर्यंत मुलगी टेबलाशी उभी राहून परिस्थिती बघत होती. मी एका बाईला हात धरून थांबवलं तेव्हा तिला राहवलं नाही.

"आई, स्टॉप. तू माणसं पकडतेस. इथे असं नाही करत."

"मग कसं करतात?"

तिने घरातून मोठा पुठ्ठा आणला आणि त्यावर जाड मार्करने इंग्रजीत लिहिलं: फ्री. खरंच फ्री. चर्च नाही. इलेक्शन नाही. चहा गरम आहे. नातीने खाली भर घातली: मठ्ठा गरम नाही. मुलीने तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

पाटी वाचून एक माणूस थांबला. त्याच्यामागे दुसरा उभा राहिला. इंग्लंडमध्ये दोन माणसं एकामागे एक उभी राहिली की तिसरा कशासाठी ते न विचारता मागे उभा राहतो. दहा मिनिटांत रांग आँटींच्या दारापासून पोलिश शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत गेली. कुत्रावाला परत आला, त्याला कुत्र्यासाठी पाणी पाहिजे होतं. चर्च विचारणारी बाई बिस्किटं घेऊन आली. नातीने फोनवर काय टाकलं कोण जाणे, शाळेतली पोरं यायला लागली, सहाच्या जागी पंधरा-सोळा. मी मुलीकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, पण ती जागची हलली नाही. हलणार कुठे, तिच्या हातात चहाचा नळ होता.

एका उंच मुलाने फोटोकडे बोट करून विचारलं, हा कोण?

मी तोंड उघडलं. माझ्याकडे ह्यावर पंधरा मिनिटांचं भाषण तयार आहे. पण ती आधी बोलली.

"हे ज्या घरात जन्मले ना, त्या लोकांना सगळ्यांच्या तळ्यातलं पाणी प्यायला बंदी होती. शाळेत नळाला हात लावायला पण. मग हे शिकले, इथे लंडनला पण शिकले, आणि अख्ख्या देशाची घटना लिहिली. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला आम्ही कोणालाही प्यायला देतो. तू कोण हे विचारायचं नाही. साखर किती?"

"दोन," तो मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, "आणि तू हे लपवून का ठेवलं होतंस, पॉश?"

"मला काय माहीत तुला तळ्यांमध्ये इंटरेस्ट आहे," ती म्हणाली, तिच्या ब्रॅकनेलच्या इंग्रजीत. सगळे हसले, आणि ते हसणं चांगलं होतं. एवढा फरक मला कळतो.

आँटी सपातांमध्ये उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "आम्ही आलो तेव्हा आम्हाला खोली द्यायचे नाहीत," त्या मला म्हणाल्या. "नाही म्हणायचे, पण सॉरी म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आलं जास्त झालंय."

दुपारी टाकी तीनदा भरून झाली. मठ्ठा मात्र सतरा लिटर उरला. चार बाटल्या पोलिश शेजारी घेऊन गेला. उरलेल्यातल्या बऱ्याचशा मठ्ठ्यात आँटींनी कोंबडी भिजत घातली, आणि सांगितलं की बुधवारी रात्री तुम्ही जेवायला इकडे आहात. बाकीच्याची कढी केली. ती आम्ही गुरुवारपर्यंत खाल्ली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ठरलेली मुदत संपत होती. मी सकाळपासून विचारणार होते. आधी कपाट आवरलं, मग बाथरूम घासलं, मग नको असताना फ्रीज पुसला. शेवटी जिना चढून तिच्या दारात उभी राहिले. ती पलंगावर पोटावर पडून मोबाइल बघत होती.

"बॅग भरायची आहे का?" मी विचारलं.

"कसली?"

"ब्रॅकनेलची."

"अगं, ते. मी मंगळवारीच सांगितलं त्यांना, नाही येत म्हणून."

मंगळवार म्हणजे पाच दिवसांपूर्वी. पाच दिवस मी मनात तिची बॅग भरत होते. "मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस." ती उठून बसली. "आई, असं नको बघू. मला अजून ब्रॅकनेल आवडतं. इथलं सगळं आवडतं असं काही नाही. पण सगळ्यांनी मला बघितलं ना आता. तू माणसांना ओढत होतीस ते, बाबाची ती छत्री, सगळंच. आता लपवायला काही उरलंच नाही. तिकडे गेले तर पुन्हा पहिल्यापासून लपवावं लागेल. खूप काम असतं गं ते."

मी हो म्हटलं. मला ते काम माहीत होतं.

मैत्रिणीच्या आईला फोन करून मी आभार मानले. ती म्हणाली, मी तिच्यासाठी टेबल लॅम्प आणून ठेवला होता. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्हीच हाफ टर्मच्या सुट्टीत मुलीला घेऊन या, लॅम्प राहू द्या. खाली आले तर रविवार असूनही नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याने आवाज बंद करून भुवया वर केल्या.

"राहतेय," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि आवाज पुन्हा चालू केला.

मीटिंग संपल्यावर तो कोणाला काही न सांगता इस्त्रीचं टेबल घेऊन बसला. तिचे शाळेचे पाचही शर्ट त्याने कडक इस्त्री केले, बाह्यांना चाकूसारख्या घड्या घालून, आणि तिच्या दाराला ओळीने अडकवले. सकाळी ती शर्ट घेऊन जिन्यात उभी राहिली.

"बाबा, इथे कोणी इस्त्री नाही करत."

"मग नको घालू," तो म्हणाला, वर्तमानपत्रातून मान न काढता.

बाहेर नातीने गेट वाजवलं. ट्रॅमला चार मिनिटं होती. मुलीने शर्टाचा बोळा केला, दोन्ही हातांनी चांगला चुरगळला, झटकून अंगात घातला आणि पळत गेली.